वर बघणारा

आगोट जवळ आली की केळवे-माहीमपासून पार चिंचणी-तारापूरपर्यंत वाडीतल्या घराघरांत एकच चौकशी चाले: सरपण भरलं का? सुकी मासळी, मीठ, मिरची, कांदे यांचा हिशेब बायकांकडे असे. घर शाकारणं, झडीच्या बाजूला झाप बांधणं आणि लाकूडफाटा ही पुरुषांची जोखीम. पावसाचे चार महिने चूल पेटती राहायची तर मागच्या पडवीत वाशांना टेकेल एवढी रास लागलीच पाहिजे. गॅसचा नंबर लागायला वर्षं जात, रॉकेल रेशनच्या रांगेतलं, आणि पालघरच्या वखारीतून लाकूड विकत आणणं वाडीवाल्याला कमीपणाचं वाटे. साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्या आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, वैशाखातल्या त्या सकाळी त्याला आवाजासकट आठवतील. कुऱ्हाडीचा घाव, मग दुसरा, मग दम खाण्यापुरती शांतता, आणि पुन्हा घाव.

मला त्या शांततेबद्दल लिहायचं आहे. तिच्यात काय चालायचं हे आमच्या पिढीने पाहिलं आहे. आता घराघरांतल्या तरुणांच्या हाती पेट्रोलवर चालणारी करवत आली आहे, आणि त्यांना ते सांगणारं आमच्याशिवाय दुसरं कुणी उरलेलं नाही.

आमचं घर माहीमच्या बाजूचं, एकत्र कुटुंबाचं. आजोबा, मोठे काका, अण्णा म्हणजे माझे वडील, धाकटे काका, आणि आम्ही चुलत भावंडांचा घोळका. वाडीत नारळ, केळी, पानवेली. बांधाच्या कडेला जांभूळ, भेंड, चिंच, दोन-चार रायवळ आंबे. हत्यारं पडवीच्या भिंतीला, मोठ्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर टांगलेली. बाभळीच्या दांड्याच्या कुऱ्हाडी, आकडी, कोयते, काथ्याचा जाड दोर, खैराच्या पाचरी डब्यात भरलेल्या. आणि सगळ्यांत वर, गोणपाटात गुंडाळलेली, दोघांनी ओढायची लांब करवत. तिला पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोबरेल चोळलं जाई. पोरांनी तिला हात लावायचा नाही, हा नियम कुणी कधी बोलून दाखवल्याचं आठवत नाही. तो आपोआप कळलेला होता. हत्याराला चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार, आणि खंडेनवमीला त्या सगळ्यांच्या कपाळी हळदकुंकू.

झाड पाडायचं ठरलं की आजोबा आदल्या संध्याकाळी झाडाभोवती फिरत. हातात कुऱ्हाड नसे, कोयता नसे. खोड कुठे कललंय, जड फांद्या कोणत्या अंगाला आहेत, वर सुकलेली एखादी फांदी अडकून बसली आहे का, कुठली वेल या झाडावरून त्या झाडावर गेली आहे का, आग्या माश्यांचं पोळं आहे का. मग कुऱ्हाडीचा तुंबा मागवून बुंध्यावर ठोकून बघत. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, पोकळ बुंध्याचा वेगळा. आणि शेवटी, झाड जिकडे पडणार त्याच्या उलट्या अंगाला, पण सरळ मागे नव्हे तर तिरपं, पायाखालची झावळी, दगड, पाण्याचा पाट सगळं बाजूला करायला लावत. तो त्यांचा पळायचा रस्ता. झाड पडताना बुंधा उसळून सरळ मागे येतो, म्हणून रस्ता तिरपा. पुढे कितीतरी वर्षांनी चेनसॉच्या माहितीपुस्तकात मागे साधारण पंचेचाळीस अंशांत सुटका-वाट मोकळी ठेवा, असं चित्रासकट छापलेलं पाहिलं, तेव्हा आजोबा झावळ्या ओढायला लावायचे ते काय होतं ते नीट समजलं.

काम सकाळी लवकर सुरू होई आणि दहाच्या आत झाड जमिनीवर यायला हवं असे. आमच्या किनाऱ्यावर दहा-अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो. तो शेंड्यात भरला की कापणाऱ्याने कितीही आखणी केलेली असो, झाड वाऱ्याचं ऐकतं.

आणि आता त्या शांततेकडे येतो. पाच माणसं कामाला असली तर चौघांना काम असे, पाचव्याच्या हातात काहीच नसे. तो झाडापासून लांब, कुऱ्हाडवाला आणि शेंडा दोन्ही एका नजरेत येतील असा तिरपा उभा राही, आणि फक्त वर बघे. शेंडा हलला का, सुकी फांदी सुटतेय का, वारा फिरला का. खाली चाललेल्या कामाकडे त्याने पाहायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, विडी ओढायची नाही. कुऱ्हाडवाला दर पाच-सहा घावांनी थांबे तो दम खायला थांबे हे खरं. पण त्या थांबण्यात तो त्या पाचव्याकडे पाही. त्याने मान हलवली की पुन्हा घाव. त्याने "सरा रे!" म्हटलं की हातातली कुऱ्हाड तिथेच टाकून सगळ्यांनी सरायचं, का म्हणून विचारायचं नाही.

आमच्याकडे हे काम बरीच वर्षं रेल्वेच्या पूर्वेकडच्या पाड्यावरून येणारा एक वयस्कर वारली करत असे. त्याचं तारुण्य मनोर-जव्हारकडच्या जंगलात ठेकेदारांच्या कुपांवर तोडीत गेलं होतं. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांचा १९४५ नंतरचा जो लढा गोदावरी परुळेकरांनी लिहून ठेवला आहे, त्यात गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्न कळीचा होता. ती मजुरी किती तुटपुंजी होती हे आम्ही त्याच्या तोंडून ऐकलं. आणि झाडाखाली सापडलेल्या माणसांच्या हकिकतीही त्याच्याच तोंडून. त्या हकिकतींत एक गोष्ट दर वेळी सारखी असे. सापडलेला माणूस खाली बघत होता.

पुढे आम्ही तेरा-चौदा वर्षांचे झालो तसे आळीपाळीने आम्हाला ते काम मिळू लागलं. मान दुखे, डोळ्यांत ढलपे आणि मुंग्या पडत, उन्हात आकाशाकडे बघून पाणी येई. पण झाड पडून धुरळा बसल्यावर आजोबा आधी वर बघणाऱ्याला पाणी द्यायला सांगत, मग कुऱ्हाडवाल्याला.

*

आमच्या घरांतला दुसरा धडा कंपनीने दिला. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पाठोपाठ बोईसरला एमआयडीसी उभी राहत गेली, आणि वाडीतल्या प्रत्येक घरातला एखादा तरी मुलगा पाळीत जाऊ लागला. फर्स्ट, सेकंड, नाइट हे शब्द आमच्या आज्यांच्या तोंडी बसले. अण्णा एका रसायनांच्या कारखान्यात होते. फर्स्ट करून तीन-साडेतीनला घरी आले की चहा घेऊन वाडीत उतरत. अर्धं आयुष्य कारखान्यात आणि अर्धं वाडीत, अशी ती आमच्या वडिलांची पिढी. तिने दोन्हीकडचं ज्ञान एकमेकांत किती मिसळलं, याची नोंद कुठे झालेली नाही.

कंपनीतून जुनी झालेली पिवळी हेल्मेटं घरी आली. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट आले. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेऊन आलेले वडील आमच्या वयाच्या बहुतेकांना आठवत असतील. छातीला लावलेला तो हिरवा बिल्ला शर्टासकट धुवायला जाई. काकांनी सुरुवातीला हेल्मेट घालून नारळ पाडायला नकार दिला होता. एका हंगामात नारळ त्यांच्या खांद्यावर पडला, तेव्हापासून हेल्मेट खुंटीवरून गायब असे आणि काकांच्या डोक्यावर सापडे.

पण हेल्मेटापेक्षा मोठी गोष्ट अण्णांनी कंपनीतून आणली ती म्हणजे टाकीबाहेरच्या माणसाची. रसायनाच्या टाकीत साफसफाईला माणूस उतरायचा असेल तर आधी परवाना लिहावा लागतो, हवा तपासावी लागते, आणि झाकणाशी एक माणूस उभा ठेवावा लागतो. त्याने आत उतरायचं नाही, दुसरं काही करायचं नाही, फक्त आतल्याकडे लक्ष ठेवायचं. अण्णांनी हे जेवताना सांगितलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "मग तुमच्या साहेबांना आमचंच कळलंय की." कारखाना आणि वाडी यांचं इतकं सरळ जुळलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

तारापूर एमआयडीसीतल्या आगी आणि स्फोट बोईसर-पालघरकरांना नवे नाहीत. रात्री आवाज झाला की आधी मनात नाइटला कोण गेलंय याची यादी होते. त्या पिढीतल्या बायकांनी ती यादी किती वेळा केली असेल! सुरक्षितता हा विषय आमच्या घरांत भाषणाचा कधीच नव्हता, तो दाराकडे बघत बसण्याचा होता.

*

गॅस आला, चुली मागच्या दारी गेल्या. पाड्यावरची तरुण मुलं कंपन्यांत कंत्राटी कामाला लागली आणि कुऱ्हाड चालवणारे हात मिळेनासे झाले. दोघांची करवत गोणपाटातच गंजली. नव्वदीच्या अखेरीस, दोन हजारच्या सुरुवातीला कधीतरी ठेकेदारांकडे पेट्रोलवर चालणारी करवत-मशीन दिसू लागली, आणि नंतरच्या काळात इतकी स्वस्त झाली की वाडीवाल्याच्याही घरात आली. आपल्याकडे तिला सगळे कटर म्हणतात.

या यंत्राची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जर्मनीतल्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली आपली कंपनी काढली आणि १९२९ ला पेट्रोलवर चालणारी करवत आणली; ती उचलायला दोन माणसं लागत. साखळीचे दात तेव्हा साध्या करवतीसारखेच, लवकर बोथट होणारे. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातला जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी पाहत बसला. ती अळी जबड्याच्या दोन बाजूंनी आलटून पालटून, रेषेच्या आडवी-उभी कशीही, लाकूड सहज खात होती. त्याने तसे डावे-उजवे दात साखळीला दिले. आज आपल्या वाडीत येणाऱ्या कटरची चेन त्याच तत्त्वावर चालते. खोडकिडीला आपण जन्मभर शिव्या दिल्या, तिच्याकडून कुणी हेही शिकलं.

आमच्या पिढीला या मशीनचं पोट नवं नव्हतं. लुना आणि चेतक ज्यांनी चालवल्या त्यांना पंपावरचं ते टूटी ऑइल आठवेल. पंपवाला काचेच्या मापातून ऑइल पेट्रोलमध्ये सोडायचा आणि आपण गाडी डावी-उजवीकडे हलवून ते मिसळायचो. कटरचं इंजिनही टू-स्ट्रोकच. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर बहुतेक मशीनना पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिली. आपल्या मशीनच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघून. नुसतं पेट्रोल टाकलं तर पिस्टन जाम. बार, म्हणजे चेन ज्याच्याभोवती फिरते ते लांब पातं, आणि चेन यांच्यासाठी तेलाची टाकी वेगळी. ती रिकामी ठेवून मशीन चालवणारे बघितले की जीव तुटतो, कारण कोरडी चेन तापून सैल होते आणि सैल चेन उतरते. पेट्रोल भरायचं ते इंजिन थंड झाल्यावर, आणि भरलेल्या जागेपासून तीन मीटर तरी दूर जाऊन मशीन सुरू करायची. वाळलेल्या झावळ्यांत सांडलेलं पेट्रोल म्हणजे काय, हे वाडीवाल्याला वेगळं सांगायला नको.

सुरू करण्याची पद्धत मात्र लुनासारखी नाही, आणि इथेच पोरं चुकतात. मशीन हवेत धरून, एका हाताने खाली सोडत दुसऱ्याने दोरी ओढायची, असं सिनेमात दिसतं. तसं कधीही नाही. मशीन सपाट जमिनीवर, चेनचा ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत उजव्या पायाचा पुढचा भाग रोवलेला, डावा हात पुढच्या मुठीवर, आणि मग उजव्या हाताने दोरी. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला वीसेक मीटर पळते, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर. कुऱ्हाड निसटली तर एक घाव बसतो. इथे एका सेकंदात किती दात अंगावरून जातील, त्याची कल्पना करून पाहा.

सगळ्यांत वाईट तो झटका. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला, मागची फांदी असो, दुसरा ओंडका असो, की बार वर आणि मागे, सरळ चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. हे होताना माणसाला हात आवरायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोर ती उभी पट्टी असते. मनगट तिला लागलं, किंवा झटका पुरेसा मोठा असला, की ब्रेक लागून चेन क्षणार्धात थांबते. आमच्या आळीतल्या एका तरुणाने ती पट्टी काढून टाकली होती, अडचण होते म्हणून. जांभळीची फांदी कापताना टोक आतल्या फांदीला लागलं. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून गुंडाळलेला नव्हता, वरच्या वर ठेवलेला होता, त्यामुळे मूठ सुटली. खांद्यावर निभावलं. त्या जखमेची कड मी जवळून पाहिली आहे. कोयत्याची जखम चिरलेली असते, ही फाडलेली होती, आणि तिच्यात बनियनचे धागे आणि लाकडाचा भुस्सा भरलेला होता. डॉक्टरांचा वेळ टाक्यांपेक्षा ती साफ करण्यात गेला.

तेव्हापासून मी जिथे कटर चालू दिसेल तिथे थांबून तीन गोष्टी पाहतो. पट्टी जागेवर आहे का, डावा अंगठा मुठीला खालून वेढलेला आहे का, आणि माणूस बारच्या रेषेत उभा आहे की तिच्या डावीकडे. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही, शिडीवर चढून चालवायची नाही, एका हाताने तर कधीच नाही, हे नियम याच झटक्यातून आलेले आहेत. माडावर चढून, कमरेला दोर बांधून, एका हाताने कटर चालवणारे आपल्याकडे दिसतात. त्यांचं धाडस मोठं आहे. पण ज्याची वाडी आहे त्याने तरी चार नारळांच्या जागेसाठी त्यांना ते करायला लावू नये.

ढलपे बघायचे, हेही आजोबांचंच. धारदार चेन जाड ढलपे काढते. पिठासारखा भुस्सा पडू लागला की चेन बोथट झाली. मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेली मशीन निसटते. गोल कानशीने प्रत्येक दाताला सारखे हात मारायचे. किनाऱ्यालगतच्या सुरूच्या सालीत वाळू बसलेली असते, माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण. दोन्ही चेनचे शत्रू. दातापुढचा उंचवटा घासून कमी केला की मशीन जास्त खाते, म्हणून काहीजण मुद्दाम तो घासतात. त्याने झटक्याचा धोका वाढतो. घासू नये.

झाड पाडताना आजोबांची रीत आणि पुस्तकातली रीत एकच निघाली, फक्त मापं आली. पडायच्या बाजूला खाच, खोडाच्या साधारण पाव जाडीची. मग उलट्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, मागचा काप. आणि दोन्हींच्या मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड न कापता सोडायचं. आजोबा त्याला बिजागरी म्हणत, पुस्तकही तेच म्हणतं. ती आहे तोवर झाड दाराप्रमाणे ठरल्या बाजूला कलतं. ती कापली की झाड मोकाट. पाचर मारायची ती लाकडाची किंवा प्लास्टिकची, लोखंडाची मारून चेन तिच्यावर घालू नये. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी नको. आणि साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडं आपल्याच मालकीची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली आधी परवानगी काढावी लागते, ती काढावी. परवानगीच्या निमित्ताने एखादं झाड वाचलं तर वाचलंच.

*

सोमवार, १७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगडला झोडपलं होतं, आम्ही थोडक्यात वाचलो होतो. या वेळी वाड्या आडव्या झाल्या. सुरू, आंबे, चिकू, माड, विजेचे खांब. दिवसेंदिवस वीज नव्हती, त्यात कोरोनाची टाळेबंदी, बाहेरून माणूस येणं कठीण. ज्याच्या घरी कटर होतं त्याला त्या आठवड्यात जेवायला सवड नव्हती.

पडलेलं झाड कापायला सोपं, असं वाटतं. उभ्या झाडापेक्षा ते जास्त फसवं असतं. आमच्या विहिरीवर एक थोरला सुरू पडला होता. मुळांची थाळी एका टोकाला, मधलं खोड अधांतरी, शेंड्याकडचा भाग विहिरीच्या कठड्यावर टेकलेला. पुतण्याने मशीन सुरू केली होती, तेवढ्यात अण्णा काठी टेकत आले आणि त्यांनी ती बंद करायला लावली. ऐंशीच्या घरातला माणूस, पण आवाज जुनाच. त्यांनी खोडाच्या खालच्या अंगाची साल दाखवली. ताणाने तिला बारीक आडव्या भेगा पडल्या होत्या. वरच्या अंगाची साल दबून सुरकुतली होती. दोन्हीकडे टेकलेलं खोड मध्ये झुकतं, तेव्हा वरची बाजू दाबात असते आणि खालची ताणात. नुसतं वरून कापत गेलं तर काप मिटतो आणि बार लाकडात पकडला जातो. म्हणून आधी दाबाच्या बाजूने, वरून, एक तृतीयांश. मग खालून वर, सावकाश. खालून कापताना चेन मशीनला आपल्याकडे ढकलते, तेव्हा पाय रोवून उभं राहायचं. एकाच टोकाला टेकलेली फांदी असेल तर हे सगळं उलटं. साल वाचली की कळतं.

आणि मुळांची थाळी. खोडाचं ओझं कापून मोकळं झालं की ती माती-मुळांसकट उलटी उठून खड्ड्यात बसते, कधी एका झटक्यात. वादळानंतर पोरांना त्या खड्ड्यांत खेळायला आवडतं. अण्णांनी आधी पोरांची मोजणी करून सगळ्यांना ओटीवर बसवलं. मग झाडावर लोंबणाऱ्या तारेकडे बोट दाखवून पुतण्याला विचारलं, महावितरणला फोन केला का? गावात वीज नाही म्हणून तार मेलेली आहे असं धरायचं नाही. कुणाचा जनरेटर उलटी वीज सोडत असेल, सांगता येत नाही.

मग ते म्हणाले, "वर कोण बघतोय?"

पुतण्या हसला. पडलेल्या झाडाचं वर काय बघायचं? अण्णांनी शेजारच्या माडावर अडकलेली सुरूची तुटकी फांदी दाखवली. तुळईएवढी होती. खालच्या खोडाला हादरा बसला की ती सुटणार होती.

माझा चुलत भाऊ शिटी घेऊन उभा राहिला. कारण हाक आता पोचत नाही. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे; कटरचा आवाज शंभराच्या वर जातो, आणि चालवणाऱ्याच्या कानावर मफ असतो, असायलाच हवा. म्हणून बघणाऱ्याने चालवणाऱ्याच्या नजरेत येईल असं पुढे-तिरपं, लांब उभं राहायचं. खुणा आधी ठरवायच्या. हात उंच गेला की मशीन बंद. मागून जाऊन खांद्यावर हात कधी ठेवायचा नाही, तो दचकून मशीनसकट वळतो. आणि चालवणाऱ्याने दर थोड्या वेळाने रेस सोडून मान वर करायची. कुऱ्हाडीच्या वेळी ही उसंत आपोआप मिळे, हात दुखत. मशीन दमत नाही, म्हणून ती ठरवून घ्यावी लागते. दोघांची करवत तर दुसऱ्या माणसाशिवाय चालतच नसे. कटर एकटा माणूस चालवू शकतो, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यांत मोठा धोका हाच आहे.

फांदी सुटली. शिटी वाजली, पुतण्या ठरलेल्या वाटेने बाजूला झाला, आणि ती तो उभा होता तिथून हातभर अंतरावर मातीत रुतली.

त्या संध्याकाळी घरात कुणी फार बोललं नाही. पुतण्याने मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून पायांना बांधायचं ते संरक्षक कापड मागवलं. त्याच्यात लांब धागे भरलेले असतात, चेन लागली की ते ओढले जाऊन गरारीत गुंततात आणि मशीन थांबते. जाळीचा चष्मा आणि कानाचा मफ असलेलं हेल्मेट अण्णांनी आपल्या पैशाने घेऊन दिलं. मे महिन्याच्या उकाड्यात हे सगळं अंगावर घेऊन काम होत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर जुना उपाय आहे, पहाटे सुरू करून दहाला थांबणं. वाराही तेव्हाच सुटतो.

आता आमच्या भागात झाडं पडताहेत ती वादळानेच नव्हे. रस्ते, रेल्वेच्या नव्या मार्गिका, इमारती, सगळीकडे कटरचा आवाज आहे. त्या मशीनमागची मुलं बहुतेक पाड्यांवरचीच आहेत. ज्यांच्या आजोबांनी आमच्या आजोबांना झाड वाचायला शिकवलं, त्यांना आज दिवसाच्या हिशेबावर, पायात चप्पल, डोक्याला गमछा, एकेकट्याने कामाला लावलं जातं. मला याचा राग येतो, आणि तो आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला यावा असं वाटतं, कारण आपण दुसरी रीत पाहिलेली आहे.

येत्या आगोटीला तुमच्या वाडीत, सोसायटीत, शाळेच्या आवारात झाड छाटायला कटरवाला एकटा आला, तर त्याला चहा द्या, बसवा, आणि दुसऱ्या माणसाला घेऊन उद्या सकाळी लवकर यायला सांगा. त्या दुसऱ्याने फांदीला हात लावायचा नाही, फक्त वर बघायचं, हे आधीच ठरवा. आणि काम झाल्यावर त्याची मजुरी घासाघीस न करता, कटरवाल्याइतकीच, त्याच्या हातात द्या.